संविधान दिनाच्या भित्तिपत्रकावर शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र: ठेवू की काढू?

खडूफळा

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. आमच्याकडं २६ नोव्हेंबर म्हणजे उद्देशिकेचं सामूहिक वाचन, फोटोला हार, प्राचार्यांचं भाषण आणि चहा. यंदा म्हटलं, पोरांनी काहीतरी स्वतः करावं. अकरावी कलाला भित्तिपत्रक दिलं, विषय 'संविधान कसं घडलं'. ग्रंथालयासमोरच्या व्हरांड्यातला हिरव्या कापडाचा बोर्ड त्यांच्या ताब्यात दिला.

पोरांनी बरंच जमवलं. मसुदा समितीचे फोटो, हंसा मेहतांवर एक छान टिपण, संविधानाची प्रत हातानं लिहिणाऱ्या प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या हस्ताक्षराचा नमुना. एका मुलीनं मोबाईलवरून एक जुनं व्यंगचित्र शोधून प्रिंट काढली आणि मधोमध लावली. शंकर यांचं, ऑगस्ट १९४९ चं. गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. गोगलगाय म्हणजे संविधान. मागं नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती बघ्यांची गर्दी. मुलीनं खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'संविधान व्हायला एवढा वेळ का लागला?'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वसतिगृहातली सात-आठ मुलं स्टाफरूमच्या दारात. 'सर, ते काढा.' आवाज चढलेला नव्हता. त्यातला एक माझा सगळ्यात जास्त वाचणारा विद्यार्थी आहे. तो म्हणाला, 'सर, नेहरूंचा चाबूक गोगलगायीला आहे का बाबासाहेबांना, ते तुम्हीच सांगा.' मी म्हटलं गोगलगायीला. तो म्हणाला, 'मग गर्दी कुणाला हसायली?' मला लगेच उत्तर सुचलं नाही.

मुलगी म्हणते मी अपमान करायला लावलं नाही, आणि ते खरं आहे. प्राचार्य म्हणतात काढून टाका, कटकट नको, तिथं गुलाबाचं फूल लावा. आणि माझं आडनाव असं आहे की मी ठेवलं तरी त्याचा एक अर्थ निघणार, काढलं तरी दुसरा.

२०१२ ला याच चित्रावरून संसदेत काय झालं ते मला माहीत आहे. तत्त्वावर भाषण नको. सोमवारी सकाळी त्या बोर्डावर काय असावं तेवढं सांगा.

---

मुक्तछंद_पुणे

ठेवा. प्रश्नच नाही. आज व्यंगचित्र, उद्या पुस्तक, परवा ग्रंथालय. २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून मोडतोड झाली ते विसरलात का? एकदा 'भावना दुखावल्या' म्हणणाऱ्यापुढे झुकलं की रांग लागते. नेहरूंनी शंकरना सांगितलं होतं, मलाही सोडू नकोस म्हणून. लोकशाहीत कातडी जाड लागते. मुलांना हेच शिकवा.

---

वकीलबाई

तत्त्वाचं नंतर. आधी सर, तुमच्या प्राचार्यांची भीती हवेतली नाही, एवढं सांगते.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. त्यात कलम ३(१)(व्ही) आलं: अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लिहून, बोलून किंवा अन्य मार्गाने अनादर करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. सार्वजनिक ठिकाणी अपमान करण्याचं जे ३(१)(आर) आहे त्यात 'हेतुपुरस्सर' ही अट आहे. (व्ही) मध्ये ती शब्दांत लिहिलेली नाही. आणि ही कलमं लागतात ती त्या समाजांबाहेरच्या माणसाला. म्हणजे मुलीला आणि, तुम्ही आडनावाचं म्हणालात त्यावरून, तुम्हाला.

आता घाबरू नका. शैक्षणिक प्रदर्शनात सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं प्रसिद्ध चित्र संदर्भासह लावणं म्हणजे अनादर, असं मला वाटत नाही आणि कोर्टात मी तसं जोरात मांडेन. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला आहे. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, म्हणजे संविधानाच्या १९(१)(अ) च्या छायेत येतात. पण हे सगळं कोर्टात मांडायचं. त्याआधी पोलीस स्टेशन असतं.

व्यवहारात: चित्राखाली कुठून घेतलं, कधीचं, का लावलं हे लिहा. मुलीचं नाव बोर्डावर असेल तर 'अकरावी कला' करा. अल्पवयीन पोर आहे ती.

---

निवृत्त_रोखपाल

सर, मी ठाण्यात राहतो, मूळचा नायगावच्या चाळीतला. बँकेत होतो. बाबासाहेबांचा फोटो आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत देवळीत होता. त्यामुळे मी कुठून बोलतो ते आधी कळू द्या.

मुक्तछंद यांनी 'रांग लागते' म्हटलं. रांग कुठून सुरू होते ते सांगतो. १९८७ ला महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. वसंत मून संपादक. त्यातल्या राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून बोंब झाली. भावना दुखावल्या म्हणून ते गाळा, अशी मागणी. सरकार डळमळलं. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत जो मोर्चा निघाला त्यात मी होतो, अठ्ठावीस वर्षांचा, बँकेतून हाफ डे टाकून. आझाद मैदानाकडे जाताना मागे पाहिलं तर शेवट दिसत नव्हता. आम्ही काय मागत होतो? मजकूर ठेवा. एवढंच. शेवटी तडजोड झाली: परिशिष्ट राहिलं, खाली तळटीप आली की सरकार या मतांशी सहमत नाही. त्या तळटिपेची आम्ही खूप टिंगल केली तेव्हा. आता वाटतं, वाईट नव्हती ती.

त्याच्याही आधीचं सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ चा 'साधना'चा अंक. त्यात राजा ढालेंचा लेख, 'काळा स्वातंत्र्यदिन'. मी बारा वर्षांचा, थोरल्या भावाने चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचला होता. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड ३०० रुपये आणि ब्राह्मणगावच्या बाईचं लुगडं फेडलं तर ५०, असा तो हिशेब होता. त्यापुढे ध्वजाबद्दल जे लिहिलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. केवढा गहजब! ध्वजाचा अपमान झाला म्हणून सगळे उठले, ५० रुपयांबद्दल फार थोडे बोलले. तेव्हा 'लोकांच्या भावनांचा विचार करा' हे वाक्य आमच्याच अंगावर फेकलं जात होतं.

म्हणून मी बंदी या शब्दाला बिचकतो. ज्याच्या हातात ठाणं आणि कोर्ट असतं, बंदीचा दोरही शेवटी त्याच्याच हातात जातो. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५-अ हे कलम १९२७ चं, इंग्रजांनी केलेलं. जुन्या संहितेतून नव्या न्यायसंहितेत २९९ म्हणून तसंच पुढे आलं.

पण थांबा. २०१२ च्या मे महिन्यात हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी संतापलो होतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात २००६ पासून ते होतं, आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. ११ मे ला लोकसभा तापली, तेव्हाचे शिक्षणमंत्री कपिल सिब्बलांनी माफी मागितली, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी पुस्तकाचं सल्लागारपद सोडलं. दुसऱ्या दिवशी पुण्यात विद्यापीठात पळशीकरांच्या ऑफिसात घुसून मोडतोड झाली. ते मला तेव्हाही पटलं नाही. ज्या माणसाने जातीच्या राजकारणावर आयुष्यभर लिहिलं त्याच्या खुर्च्या मोडून कुणाला काय मिळालं? पुढे पाठ्यपुस्तकं तपासायला थोरात समिती बसली, आणखी बरीच चित्रं काढा म्हणाली, एम. एस. एस. पांडियन यांनी एकट्याने असहमती नोंदवली. मी समितीच्या बाजूचा नव्हतो. संतापलेल्यांच्या बाजूचा मात्र होतो. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे मुक्तछंदसारख्यांना कळावं म्हणून लिहिलं.

आणि थोर पुरुषाभोवती कुंपण फक्त आम्हीच मागतो, असंही कुणी समजू नये. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची गांधींवरची कविता १९९४ ला बँक कर्मचाऱ्यांच्या बुलेटिनमध्ये छापली होती. आमच्याच व्यवसायातलं प्रकरण, आणि खटला सर तुमच्या लातूरचा. २०१५ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की इतिहासात आदरणीय असलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालताना मापदंड अधिक कडक लागेल. माफी मागितलेल्या संपादकाला सोडलं, कवीचा खटला मात्र चालू ठेवला. तेव्हा अख्खा देश हळवा झाला असं कुणी म्हणालं नाही.

आता सोमवारचं. चित्र ठेवा, पण एकटं ठेवू नका. मुलीने खाली प्रश्न विचारलाय, वेळ का लागला. त्याचं उत्तर बाबासाहेबांनी स्वतः दिलंय, २५ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे हे चित्र आलं त्यानंतर तीन महिन्यांनी. २ वर्षं ११ महिने १७ दिवस हा आकडा त्यांनीच सभागृहात सांगितला, आणि पुढे जगाचा हिशेब मांडला: अमेरिकेला चार महिने लागले पण तिचे अनुच्छेद ७, कॅनडाला २ वर्षं ५ महिने, कलमं १४७, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, १२८, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, १५३. आपली ३९५. शिवाय त्यांना दुरुस्त्यांशी झगडावं लागलं नाही, आपल्याकडे सुमारे ७,६३५ सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तिथेच नझिरुद्दीन अहमद नावाच्या सदस्याने ड्राफ्टिंग कमिटीला 'ड्रिफ्टिंग कमिटी' म्हटलं होतं, म्हणजे वाहवत जाणारी. बाबासाहेबांनी ते कामकाजातून काढा म्हटलं नाही. तो टोमणा भाषणात घेतला आणि परत केला.

त्याच्या बाजूला टी. टी. कृष्णमाचारींचं संविधान सभेतलं ५ नोव्हेंबर १९४८ चं भाषण लावा. सात जणांची मसुदा समिती. एकाने राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेत, एक संस्थानी कामात, एक-दोघे तब्येतीमुळे दिल्लीबाहेर. भार पडला एकट्या माणसावर. हे वाचल्यावर गोगलगायीवर कोण बसलंय आणि कोण बसायला हवं होतं, ते पोरांना आपोआप दिसेल.

आणि हे त्या वसतिगृहातल्या मुलांना लिहू द्या. तुम्ही लिहू नका.

---

आभाळमाया_नाही

काका, जय भीम. तुमचं सगळं वाचलं, मोर्चाचं दोनदा वाचलं. पण शेवटचं वाक्य मला टोचलं.

मी हैदराबादला एम.ए. करते. वर्गात अशी एखादी गोष्ट निघाली की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. 'तुझं काय मत?' मला त्या दिवशी मत नसतं, मला डोकं दुखत असतं, पण उत्तर मी द्यायचं. चित्र लावायला त्या मुलीला एक प्रिंट लागली. उत्तर द्यायला त्या पोरांनी संविधान सभेची भाषणं उपसायची, आकडे काढायचे, सुंदर अक्षरात लिहायचं, आणि हे सगळं शांतपणे, नाहीतर 'बघा, चिडतात'. अपमान फुकट आणि उत्तर घामाचं. 'बोलण्याला बोलण्याने उत्तर द्या' म्हणणाऱ्यांना हा खर्च कधी दिसतच नाही.

आणि उत्तर द्यायला जागा असते हे कुणी सांगितलं? १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' पाक्षिक निघालं तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. १९३६ ला लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचलं आणि परिषदच गुंडाळली. त्यांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं होतं. भाषण शेवटी स्वखर्चाने छापावं लागलं. सुधारकांची सभा होती ही, सनातन्यांची नव्हे.

मुक्तछंद, तुमच्या जाड कातडीबद्दल. नेहरू 'मला सोडू नकोस' म्हणू शकले, कारण चित्रात ते कितीही वाकडे काढले तरी सकाळी उठून ते पंतप्रधानच होते. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ मधली बाबासाहेबांवरची शंभराहून जास्त व्यंगचित्रं एकत्र केलीत. एकेक पाहिलं तर हसून सोडाल. सगळी ओळीने बघा. कित्येकांत ते आकाराने बारके, कुठे पोरसवदा, कुठे बाईच्या वेषात. गर्दी कुणाला हसतेय, असं त्या मुलाने विचारलं ना? त्याने ती शंभर न बघता बरोबर ओळखलं.

(आता कुणीतरी बाबासाहेबांचं 'राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते' हे वाक्य आणून टाकेल. माहीत आहे. पाठ आहे.)

मी 'काढा' म्हणत नाहीये. बंदीचा दोर कुणाच्या हातात जातो, हे काकांचं पटतं. पण सर, तुम्ही पगार घेता ना? मग आकडे आणि भाषणं शोधून चित्राशेजारी लावायचं काम तुमचं, आणि त्या मुलीचं. मुलांना कोरा कागद द्या आणि विषय देऊ नका. त्यांना गोगलगायीवर लिहायचं असेल तर लिहितील. दुसरंच काही लिहायचं असेल तर तेही.

---

मुक्तछंद_पुणे

शंभर चित्रांचं माहीत नव्हतं, मिळवून बघतो. तरी माझं म्हणणं तेच: ठेवा. कोऱ्या कागदाची कल्पना चांगली आहे.

---

निवृत्त_रोखपाल

पोरी, बरोबर बोललीस. माझ्या वेळी आम्हाला लिहायला मिळावं म्हणूनच भांडण होतं, त्यामुळे लिहिणं हे ओझं वाटू शकतं हे ध्यानात येत नाही पटकन. सर, ती म्हणते तसं करा.

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, घटक चाचणीचे पेपर होते.

शनिवारी ती मुलगी आणि मी बसून दोन्ही भाषणं काढली. तिनं तक्ता केला, देश, लागलेला काळ, कलमं. माझ्याकडून कॅनडाच्या रकान्यात कॅनडाऐवजी ऑस्ट्रेलिया पडत होता, तिनंच पकडलं. चित्र होतं तिथंच ठेवलं, आकारानं थोडं लहान केलं आणि तक्ता मोठा केला. वकीलबाईंनी सांगितलं तसं खाली वर्ष, चित्रकार, कारण. मुलीचं नाव काढलं. तिला ते आवडलं नाही, पण ऐकली.

कोरा कागद दिला. पहिल्यांदा मुलं हसली. 'विषय?' म्हटलं नाही. दोघांनी घेतला नाही. त्यांना चित्र अजूनही नको आहे, आणि त्यांनी प्राचार्यांना तसा अर्ज दिलाय. तो अर्ज मी बोर्डावरच लावू का विचारलं तर हो म्हणाले. लावला.

सगळ्यात जास्त वाचणाऱ्यानं मात्र गोगलगायीवर एक अक्षर लिहिलं नाही. त्यानं लिहिलं आपल्याच कार्यालयाच्या खिडकीवर. शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन गेलं की आतून 'ए स्कॉलरशिपवाले, तिकडं सरका' अशी हाक येते. फी भरणाऱ्याला नावानं बोलावतात. हजेरीत आडनाव वाचून झाल्यावर एक सर क्षणभर थांबतात आणि मग वर बघतात. नावं कुणाचीच घेतली नाहीत. पान-दीड पान, एकही खोडाखोड नाही. मथळा दिला होता 'वेळ का लागतो'.

सोमवारी प्राचार्य व्हरांड्यातून गेले. व्यंगचित्राकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तो कागद वाचला, उभ्यानं, पूर्ण. मग मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, 'ते चित्र राहू द्या, पण तो कागद काढा. संस्थेची बदनामी होते. पुढच्या महिन्यात नॅकची टीम यायचीय.' कार्यालयातल्या दोन क्लार्कनी तोंडी तक्रार केलीय की आमच्या भावना दुखावल्या.

मी अजून काढला नाही. 'विद्यार्थ्याशी बोलून सांगतो' म्हणून वेळ मागून घेतलाय. त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, 'सर, तुम्ही काढला तर मी दुसरा लावणार नाही. पण हा कुणी काढला ते खाली लिहा.'

---

वकीलबाई

कागदाचा तारखेसह फोटो काढून ठेवा, आजच. मूळ प्रत मुलाकडे द्या, बोर्डावर झेरॉक्स लावा. प्राचार्यांना 'काढा' हे लेखी द्यायला सांगा. साध्या पत्रावर, आवक-जावक क्रमांकासह. बहुतेक देणार नाहीत.

आणि 'ए स्कॉलरशिपवाले' ही हाक खिडकीवर, चारचौघांत, कोण मारतं, कधी, ऐकणारे कोण, हे त्या मुलाला वेगळ्या वहीत लिहून ठेवायला सांगा. तिथे ३(१)(आर) चा विचार होऊ शकतो. लगेच काही करायचंय असं नाही. लिहून मात्र ठेवावं.

---

आभाळमाया_नाही

सर, त्या मुलाला विचारा, हा मजकूर नाव न घालता आमच्या विद्यापीठातल्या वाचनमंडळात वाचून दाखवला तर चालेल का. नाही म्हणाला तर सोडून द्या, पुन्हा विचारू नका.